भंडाऱ्याविना सोडलेला कळप

१९२६ साली सिलोनमधून आणलेला एक बारीक किडा मद्रास इलाख्यातल्या निवडुंगावर मुद्दाम सोडण्यात आला, आणि कोयत्याला न आवरलेली निवडुंगाची बेटे त्याने शोषून वाळवली. सोलापूरच्या गिरण्यांपलीकडे एका बंगल्याच्या बागेत राबणाऱ्या बिरप्पाच्या कानावर ही हकिकत गेली असण्याचा संभव फार थोडा. त्याला किड्यांबद्दल जे ठाऊक होते ते मेंढरांमागे चालून झालेले होते.

बंगल्याच्या मालकांनी हौसेने एक काचघर बांधून घेतले होते. सोलापूरच्या उन्हाला काच मानवणार नाही हे पहिल्याच उन्हाळ्यात कळल्यावर काचांना बाहेरून चुना फासला गेला आणि बाजूंना गोणपाट टांगले गेले. आत तारांवर चढवलेले काकडीचे सोळा वेल होते. १९३३ च्या जानेवारीत त्यांच्यावर मावा पडला. पानांची खालची बाजू हिरव्या-काळ्या ठिपक्यांनी भरून गेली, वर चिकटा आला आणि शेंडे मुठीसारखे आवळले.

बागेचा मुकादम हिंदुराव याने तंबाखूचे पाणी मारायला लावले. ते भर दुपारी मारले गेले, काचेखाली पाने करपली आणि दोन वेल गेले. मालकांनी तंबाखू बंद केली. त्यांनी सांगितले की बावीस तारखेच्या रविवारी ते स्वतः पाहायला येतील. वेल सुधारले नसतील तर सगळे उपटून जाळायचे आणि काचघराचा माणूस बदलायचा. काचघराचा माणूस बिरप्पा होता. त्या दिवशी दहा तारीख होती.

नोकरीबरोबर बागेच्या कोपऱ्यातली खोली जायची होती. बिरप्पाची मेंढरे दोन वर्षांपूर्वी रोगात मेली तेव्हापासून ती खोलीच त्याचे रान आणि तीच त्याचा वाडा. मायाक्काला, त्याच्या बायकोला, नववा महिना लागला होता. भाऊ धुळाप्पा अजून मेंढरांमागे होता, त्याचा मुक्काम दुधनीकडच्या रानात पडलेला. पण दिवस भरलेली बाई त्या फिरत्या बिऱ्हाडात नेणे म्हणजे तिला रस्त्यावर बाळंत करणे.  मायाक्काने नुसते गाठोडे बांधून ठेवले.

अकरा तारखेला बिरप्पा दुधनीला गेला. करडईच्या रानात पौषात मावा असतो, आणि माव्याच्या मागे पाठीवर काळे ठिपके असलेले तांबडे किडे असतात, हे त्याने लहानपणापासून पाहिले होते. ते किडे करडई खात नाहीत, मावा खातात. हेही त्याने पालथे पडून, तोंडाशी पान धरून पाहिले होते. पहाटेच्या गारठ्यात किडे आखडलेले असतात, उडत नाहीत. त्या वेळी भावाने आणि त्याने काटेरी झाडे अलगद झाडून एक गाडगे भरले, तोंडावर ओले धोतर बांधले, आणि बारा तारखेच्या दुपारी बिरप्पा काचघरात परत आला.

नव्या रानात कळप शिरताना धनगर बिरोबाचे नाव घेऊन भंडारा उधळतो. बिरप्पाने तेच केले. गाडगे उघडले, मूठभर हळद वेलांवर आणि किड्यांवर उधळली, चांगभलं म्हटले आणि बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेलांखालची माती पिवळी होती आणि तिच्यावर किडे उताणे पडले होते. उरलेले छताच्या काचेला चिकटून बसले होते. मावा होता तिथेच होता.

हिंदुराव दारात उभा राहून वर बघत राहिला. "बिरप्पा, तुजी मेंढरं छतावर चरायला गेली व्हय?" त्याने विचारले. मग तो म्हणाला की मालक येईपर्यंत हसायला काहीतरी आहे हे बरे, आणि निघून गेला.

बिरप्पा मातीवर बसून मेलेले किडे एकेक उलटू लागला. जवळजवळ प्रत्येकाच्या पंखांच्या फटीत हळद होती. छताच्या काचेपर्यंत चढून त्याने तिथले काही उतरवले. त्यांच्या अंगावर हळद नव्हती. मनात आले ते त्याला उच्चारवेना. बिरोबाच्या ज्या हाताने आजपर्यंत कळप राखला गेला असे तो मानत आला होता, त्याच हाताने हा कळप मारला, असा त्याचा अर्थ होत होता.

त्याने भोपळ्याच्या दोन कवट्या आणल्या. प्रत्येकीखाली एक मावा लागलेले पान आणि तीन-तीन किडे ठेवले. एकीत चिमूटभर भंडारा टाकला, दुसरीत नाही. दिवस कलता त्याने दोन्ही उचलल्या. भंडाऱ्याच्या कवटीत दोन किडे मेले होते, तिसरा पाय हलवत होता. दुसरीतले तिन्ही पानावर होते आणि पान निम्मे साफ होते. सहा किड्यांवर आणि एका दुपारवर माणसाने किती भरवसा ठेवावा, हा प्रश्न होताच. पण त्याच्याकडे नऊच दिवस होते.

भोगीच्या त्या संध्याकाळी तो पुन्हा दुधनीला गेला, आणि संक्रांतीच्या दुपारी तीन गाडगी घेऊन आला. या वेळी त्याने घाई केली नाही. नवी मेंढरे तहानलेली, भर उन्हात रानात सोडली की फुटतात, हे तो जाणत होता. गाडगी सावलीत ठेवून त्याने ऊन उतरू दिले, वेलांना पाणी शिंपडले, आणि ज्या डालग्यांखाली धनगर कोकरे झाकून ठेवतात तशी धुळाप्पाकडून मागून आणलेली डालगी फडक्याने मढवून शेंड्यांभोवती उपडी बांधली. ती नऊ वेलांना पुरली. पाच उघडे राहिले.

मायाक्का दारात आली. तिच्या हातात भंडाऱ्याची पिशवी होती.

"ठेव ती," बिरप्पा म्हणाला.

"बिरोबाला न इचारता कळप सोडायचा?"

"इचारलंय."

"कवा?"

"वाटंनं. गाडीत."

"आन् काय म्हनला?"

बिरप्पा डालग्याची दोरी आवळत राहिला. "काय म्हनला न्हाय."

मायाक्काने पोटावर हात ठेवला. पुढच्या आठ दिवसांत काही वाईट झाले तर त्याचे कारण दोघांनाही ठाऊक असेल, हे तिला बोलून दाखवावे लागले नाही.  मग पिशवी उघडून तिने उंबऱ्याच्या बाहेर, वेलांपासून चार हात लांब, एक चिमूट जमिनीवर ठेवली. उधळली नाही, ठेवली. मग बिरप्पाने डालग्यांच्या आत किडे सोडले.

तीन दिवस बिरप्पाने एकही डालगे उचलले नाही. चौथ्या दिवशी एकाची कड वर केली. किडे पानाखाली होते, पण मावाही होता. सहाव्या दिवशी त्याला वाटले की मावा कमी दिसतो. वाटते आणि असते यात अंतर असते, म्हणून त्याने एका पानावरचे ठिपके बोटाने मोजले आणि आकडा दगडाने भिंतीवर ओरखडला. सातव्या दिवशी त्याच पानावर निम्मे उरले होते.

रविवारी मालक आले. हिंदुरावाने डालगी सोडवली. नऊ वेलांचे शेंडे उलगडत होते. पाच उघड्या वेलांवर मावा पूर्वीइतकाच होता. मालक काही बोलण्याआधी हिंदुरावाने एक पान उलटले आणि थांबला. पानाच्या पाठीवर पिवळे दाणे उभे चिकटलेले होते, दाटीवाटीने, चिमूटभर.

"ही बगा नवी कीड," तो मालकांना म्हणाला, आणि अंगठा टेकवायला गेला.

बिरप्पाने त्याचे मनगट धरले. मालकांसमोर मुकादमाचा हात धरल्यावर नोकरी सुटायला दुसरे कारण लागत नाही. तरी त्याने तो सोडला नाही.

"मुकादम, ती कोकरं हायत."

करडईच्या पानांवर असे दाणे त्याने पाहिले होते. त्यांतून काय निघते हे मात्र त्याने कधी थांबून पाहिलेले नव्हते. आपण ते पाहिलेले नाही, हे काचघरात फक्त त्यालाच माहीत होते.

मालकांनी चष्मा पुसून पान बराच वेळ पाहिले. शेवटी म्हणाले, दाणे फुटेपर्यंत कशालाही हात लावू नका. फुटल्यावर मावा वाढला तर सगळे जाळा. हिंदुरावाने मनगट चोळले.

पाचव्या दिवशी दाणे फुटले. निघाले ते काळे, काटेरी, कुरूप जीव होते, आणि ते माव्यावर तुटून पडले. त्याच आठवड्यात कोपऱ्यातल्या खोलीत मायाक्काला मुलगी झाली. गाठोडे सुटले.

यातले न कळलेले तेवढे राहते. पहिला कळप भंडाऱ्याने मेला की दुपारच्या उन्हाने, हे कवट्यांखालच्या सहा किड्यांवरून ठरत नाही. दुसऱ्या खेपेला बिरप्पाने दोन्ही गोष्टी एकदमच बदलल्या होत्या. झाकलेले नऊ वेल किड्यांनी वाचवले की डालग्यांच्या सावलीने, हेही सांगता येत नाही, कारण किड्यांविना झाकलेला एकही वेल नव्हता. उंबऱ्याबाहेरची चिमूट कुणी पुसली, की वाऱ्याने गेली, हे कुणी पाहिले नाही. आणि बिरोबा त्या गाडीत खरोखर गप्प होता का, हे बिरप्पाने मायाक्कालाही पुन्हा सांगितले नाही.