आधी बंद करा, मग बोला

"आधी बंद करा, मग बोला."

आमच्या वायरमनचं हे वाक्य त्यांच्या आधी दुकानात शिरायचं. माझा प्रिंटर अर्धा कागद गिळून बसलेला असो, शेजारच्या हॉटेलवाल्याचा मिक्सर फिरत नसो, की बाकावरच्या दोन गिऱ्हाइकांची नंबरावरून जुंपलेली असो, त्यांचा इलाज एकच. प्रिंटर बंद करून चालू केला की बहुतेक वेळा कागद सोडायचा. भांडणाऱ्यांनाही ते हेच सांगायचे, आणि ती माणसं जरा वेळ गप्प बसली की भांडण कुठं राहिलं होतं ते त्यांनाच आठवायचं नाही.

तेलगावच्या चौकात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. असं दुकान तुमच्याही गावात असेल, आणि तिथून तुम्हीही कधीतरी तोंड पाडून परत गेला असाल. फोटो मोठा आहे, सही चौकटीबाहेर गेली, सर्व्हर बसला, उद्या या. ऊसतोडीहून परतलेल्या माणसांचे अंगठे तर आमचं मशीन ओळखतच नाही. कोयता धरून धरून रेघा पुसलेल्या असतात. माणूस समोर धडधडीत उभा असतो आणि मशीन म्हणतं, हा तो नव्हे. मग मी चिडतो, तो माणूस ओशाळतो आणि मशीन तेवढं शांत असतं.

वायरमनच्या अंगठ्यांचीही तीच गत होती. सगळी नोकरी पोलवर गेलेली. हाताची कातडी वाळून घट्ट झालेली. फोनच्या काचेला त्यांचं बोट लागलं तर काच दाद देत नसे. म्हणून ते फोन नाकानं उचलायचे. खाकी शर्टाच्या खिशात, जिथं इतरांचा पेन असतो तिथं त्यांचा टेस्टर. मागच्या खिशात पक्कड. आणि वाजणारा फोन तोंडासमोर धरून नाक घासणारे वायरमन, हे दृश्य चौकाला पाठ होतं. उचलायला नाक चालायचं, पण बोलताना काच काळी पडायची, त्यामुळं ठेवायला काही जमायचं नाही. लाईट गेली की अख्खं गाव त्यांना फोन करून झाडायचं, आणि फोन ठेवता येत नसल्यामुळं ते समोरचा दमेपर्यंत ऐकून घ्यायचे. लोकांना वाटायचं, केवढा सोशिक माणूस. मी एकदा तसं म्हणालो, तर म्हणाले, "सोशिक कशाचं बे, लाल बटन दबत न्हाई मपल्याच्यानं."

अशा या माणसाच्या नावानं दोन वर्षांपूर्वी माझ्या दुकानाच्या पत्त्यावर एक पार्सल आलं. पाठवणारी त्यांची मुलगी. पुण्यात नोकरीला. दोन महिन्यांपूर्वीच तिनं तिथल्या एका सहकाऱ्याशी कोर्टात लग्न केलं होतं. मुलगा दुसऱ्या जातीचा. वायरमन लग्नाला गेले नाहीत आणि त्या दिवसापासून लेकीशी बोललेही नाहीत. बायको रोज संध्याकाळी लेकीला फोन करायची. तेव्हा हे पलीकडं बसून आधीच स्वच्छ असलेली पक्कड पुसायचे. जावयाला त्यांच्या तोंडी नाव नव्हतं. फारच वेळ आली तर "त्यो पुण्याचा".

पार्सल त्यांनी दोन दिवस माझ्या टेबलाखाली तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "फोड. बॉम्ब असला तर तूच मर."

आत हातात धरून गेम खेळायचा छोटा कॉम्प्युटर होता. मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं, अंगठ्यानं फिरवायच्या दोन काड्या, मागं हवा जायला जाळी. सोबत एक चिठ्ठी. मी वाचून दाखवली: "पप्पा, याला बटणं आहेत."

एवढंच. वायरमननी ते मशीन उलटंपालटं केलं, एक बटण दाबलं. पडदा उजळला. त्यांनी पुन्हा दाबलं, आणि पुन्हा. एखादी काच आपलं ऐकते आहे हे त्यांना नवीन होतं. त्यांच्याकडं बघता बघता मी उगाचच गिऱ्हाइकावर ओरडलो.

त्यांच्या घरी नेट नव्हतं, त्यामुळं खेळ माझ्या दुकानात. रविवारी चार ते पाच, कारण त्या वेळी लेकीला सुट्टी. खेळात मारामारी काही नव्हती. एक ओसाड माळ. आपलं बाहुलं तिथं हिंडतं, लाकूड-दगड गोळा करतं, घर बांधतं. लेक पुण्यातून तिच्या मशीनवर त्याच माळावर यायची. पहिले काही रविवार वायरमनचं बाहुलं तळ्यात पडण्यातच गेले. मग एक दिवस त्यांना सामानाच्या यादीत काहीतरी दिसलं आणि ते खुर्चीत ताठ झाले.

"पोल हायेत की हितं. तार बी हाय."

त्यानंतर त्यांना शिकवायची गरज पडली नाही. लेकीनं लांब टेकडीवर घर बांधलं होतं. तिथवर लाईन न्यायची त्यांनी ठरवलं. पोल उभा केला की एक डोळा मिटून, पडद्याला टेस्टर लावून तो सरळ आहे का बघायचे. वाकडा असला तर उपटायचे. आणि तार जोडण्याआधी दर वेळी बाहुल्याला पार मागं, माळाच्या दुसऱ्या टोकाला चालवत न्यायचे, मेन स्विच बंद करायचे, परत यायचे, तार जोडायचे, पुन्हा जाऊन स्विच चालू करायचे. अर्धा तास यातच जायचा. मी वैतागून म्हणालो, "वायरमन, खेळात शॉक बसत नाही."

"सवय मोडली की बसतो," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. नवीन नोकरीत असताना धारूरच्या घाटाकडं एका पोलवर त्यांचा जोडीदार चढला होता. खालून कुणीतरी बोलता बोलता म्हणालं, लाईन बंद हाय. ती बंद नव्हती. "बोलण्यात ध्यान गेलतं सगळ्यांचं," ते म्हणाले आणि उठून चहा सांगायला गेले. त्या दिवसापासून मी त्यांच्या वाक्याची नक्कल करणं सोडलं.

खेळता खेळता पडद्यावर लेकीची अक्षरं उमटायची. 'पप्पा, जेवलात का?' वायरमन वाचायचे, लिहायचे काही नाहीत. फक्त जवळच्या खांबावरचा दिवा एकदा बंद करून चालू करायचे. म्हणजे जेवलो. 'गुडघा कसा आहे?' दिवा दोनदा. म्हणजे काय ते त्या दोघांनाच ठाऊक.

"बोलत का नाही सरळ?" मी विचारायचो.

"मी बोलत न्हाई तिच्याशी. खेळतो फक्त."

लाईन टेकडीवर पोचायला पावसाळा उलटला. घराच्या भिंतीवर मीटर बसवला, बाहेरचा दिवा लागला. दारात लेकीचं बाहुलं उभं राहून उड्या मारायला लागलं, आत या, आत या. वायरमनचं बाहुलं ओट्याखाली उभं. मग ते वळलं आणि टेकडी उतरून गेलं. पुढच्या रविवारी त्यांनी माळाच्या भलत्याच बाजूला दुसरी लाईन काढायला घेतली, जिथं कुणीच राहत नव्हतं.

"आत जायला काय झालं होतं?" मी विचारलं.

"कनेक्शन देणाऱ्यानं मीटरपस्तोर यायचं. आतलं ज्याचं त्यानं बघायचं. नियम हाय."

तो नियम खराच आहे, लाईनच्या ऑफिसातला. पण माझा राग गेला नाही. मी तोंडावर म्हणालो, की तुमच्या नियमाला आग लागो. त्यांनी पुढचा पोल उभा केला.

हे असंच चाललं असतं, पण मधे खंडेनवमी आली. आपल्याकडं त्या दिवशी हत्यारं पुजायची पद्धत. वायरमन पाटावर पक्कड, टेस्टर, रबरी हातमोजे आणि कमरेचा पट्टा मांडून दरवर्षी पूजा करायचे. त्या वर्षी त्यांनी गेमचं मशीनही मांडलं. ओल्या फडक्यानं पुसलं, हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि वरून मूठभर अक्षता. पक्कडीला हे सगळं चालतं. मशीनला मागं जाळी होती.

रविवारी चालू केल्याबरोबर आतून पिठाच्या गिरणीसारखा आवाज निघाला. मग ते तापलं आणि विझलं.

"बंद करा," मी सवयीनं म्हणालो.

"आपूआपच झालं," वायरमन म्हणाले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

मी मागचं झाकण उघडलं. पंख्याच्या पात्यात तांदळाचे दाणे अडकलेले, आणि सगळीकडं कुंकू. ब्रशनं झाडलं, दाणे चिमट्यानं काढले. मशीन चालू झालं, पण सुरुवातीच्या चित्रावरच अडकून बसलं. मी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. त्यातला माणूस म्हणाला, हे बटण दाबून धरा आणि 'होय' म्हणा. मी 'होय' म्हणालो. ते 'होय' सगळं पुसून टाकायला होतं, हे मला नंतर कळलं.

पडदा कोरा. माळ नाही, पोल नाहीत, टेकडी नाही. फक्त एक चौकट: खात्याचा कोड टाका. खातं लेकीचं. कोड तिच्या मोबाइलवर जाणार, आणि मिनिटभरात शिळा होणार. चुकीचा किंवा शिळा टाकला तर संधी चार, मग खातंच बंद.

वायरमन म्हणाले, "काकूला लाव."

मी त्यांच्या बायकोला फोन लावला. काकूंनी शेजारणीचा फोन घेऊन लेकीला लावला. लेकीनं आकडे सांगितले, काकूंनी मला सांगितले, पण मधले दोन त्यांनी आपल्या मनानं घातले. दुसऱ्यांदा आकडे बरोबर होते, पण सांगण्याआधी काकूंनी लेक काय जेवली तेही सांगितलं, आणि कोड शिळा झाला. तिसऱ्यांदा सहा का नऊ यावर दोघी मायलेकींचा वाद झाला. चौकट लाल झाली: शेवटची संधी.

बाकावरची उत्पन्नाच्या दाखल्याला आलेली माणसंही उठून टेबलाभोवती जमली होती. वायरमननी मशीनकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"लाव तिलाच," ते म्हणाले. "मपला अंगठा चालत न्हाई."

मी नंबर फिरवून फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडून "हॅलो" ऐकू आलं.

"कोड सांग," वायरमन म्हणाले. लग्नानंतर लेकीला उद्देशून तोंडातून निघालेले हे पहिले शब्द.

पलीकडं आधी नाक ओढल्याचा आवाज. फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळं पुढचं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"पप्पा, सांगते. पण ते मशीन आधी बंद करा, मग बोला."

पडद्यावर सेकंद कमी होत होते. वायरमननी क्षणभर ते आकडे पाहिले, मग वरचं बटण दाबून धरलं. मशीन विझलं. ते फोन कानाला लावून बाहेर गेले आणि चौकातल्या विजेच्या डीपीच्या सावलीत उभे राहिले. त्यांना फोन ठेवता येत नव्हता आणि तिला ठेवायचा नव्हता. मी तेवढ्या वेळात सहा जणांचे फॉर्म भरले. एकदा बाहेर डोकावलो, तर ते पोलकडं तोंड करून डोळे पुसत होते. मी लगेच आत आलो.

परत आले तेव्हा मी विचारलं, "कोड काय?"

ते टोपी काढून पंख्याखाली बसले. "इचारायचं ऱ्हायलंच की बे."

कोड दुसऱ्या दिवशी मिळाला. माळ, पोल, टेकडी, सगळं लेकीच्या खात्यात जपलेलं होतं. पण त्यानंतर रविवारी ते खेळण्यापेक्षा फोनवरच जास्त असायचे, आणि नाकानं उचललेला फोन संध्याकाळी मला ठेवून द्यावा लागायचा.

या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. निरोपाचा नारळ घेतला आणि आठच दिवसांत काकूंबरोबर पुण्याला निघाले, चार दिवसांसाठी. जाताना मशीन माझ्या टेबलावर ठेवलं. "तिथं काय करू ह्याचं? ती हाय की समोर. चार्ज करत जा, नुसतं पडलं की बॅटरी मरती."

त्यांच्या जागी नवीन वायरमन आलाय. चांगला पोरगा आहे, फोन अंगठ्यानं उचलतो आणि अंगठ्यानंच कापतो. लोकांना आता झाडायला कुणी उरलं नाही. प्रिंटर अडकला की मी बंद करून चालू करतो. बरं वाटत नाही एकट्याला.

चार दिवसांचे वीस झाले. परवा दुपारी त्यांचा फोन आला.

"वायरमन, कधी येताय?"

"महिनाभर तरी न्हाई. हिच्या घरातली वायरिंग लई बेकार हाय बघ. जोड उघडे, अर्थिंगचा पत्ता न्हाई. सगळी खोलून काढली."

"पण तुमचं काम मीटरपर्यंतच ना? नियम आहे म्हणत होता."

"निवृत्त माणसाला कशाचा नियम?"

"आधी बंद केलं का सगळं?"

"मग. मेन स्विच पाडलाय सकाळपासून. पंखे बंद, फ्रीज बंद. घामानं भिजलेत सगळे." मागं काकूंचं आणि लेकीचं हसणं ऐकू येत होतं. आणि अगदी जवळून, फट फट फट, असा एक आवाज.

"हा आवाज कसला?"

"काय न्हाई," वायरमन म्हणाले. "जावई पुठ्ठ्यानं वारा घालाय लागलेत मला. फोन बी त्यांनीच धरलाय."