सांबार सांडलेला नवरदेव

गावोगावच्या बायांपुढे उभी राहून मी नकला करते, हसवते. बाया विचारतात, हे कुठं शिकल्या? शाळा तर माझी चौथीतच सुटली. शिकले ते एका जुन्या विनोदी कादंबरीतून. दिग्रसच्या रद्दीवाल्याकडून आलेली. पहिली पानं फाटलेली, म्हणून कोणी लिहिली ते मले आजही माहीत नाही.

दुपारी गच्चीवर तूर वाळत घालायची अन् राखण करत वाचायची. ऊन डोळ्यांवर आलं की अक्षरं हलायची, अन् त्यातला तो लांब कोटवाला लाजरा नवरदेव पानांतून उतरून खालच्या कपाशीच्या पऱ्हाटीतून चालत जायचा. वाटायचं, तांब्याभर पाणी नेऊन द्यावं त्याले.

मुलगी पाहायला निघालेल्या त्या माणसाच्या अंगावर खानावळीत सांबार सांडतो. तो ओरडतो, कोट फेकतो, थेट विहिरीवर जाऊन आंघोळ करतो. आता आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. चार काड्या पडल्या तर माणूस एवढा कायले बोंबलंन? मी तुरीवर लोळून हसायची. पुढं तीच नक्कल माझी सगळ्यात गाजली.

परवा पुसदला मोठा कार्यक्रम होता. सकाळी नातीनं ते पान वाचलं अन् म्हणाली, "आजी, हा सांबार इडलीसोबतचा. गरम, पातळ."

मी ते पान पुन्हा वाचून पाह्यलं. "मंग मी जिंदगीभर चुकीचंच हसली का वं?"

"ती नक्कल नको करू. लोक तुलेच हसतील."

"हसवायलेच तर चालली," म्हटलं खरं, पण मनात आलं: लोकांना हसवणं वेगळं अन् आपलं हसं होणं वेगळं.

बसमध्ये डोळा लागला. शेजारच्या सीटवर तो बसलेला, कोटातून वाफ निघून राह्यली होती. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा विचारलं, "लई भाजलं का रे बापा?" तो लाजून खिडकीबाहेर पाहत राहिला.

स्टेजवर मी नक्कल केलीच. कोथिंबिरीचीच. बाया हसून हसून लाल झाल्या. मग हात जोडले अन् माझी चूक सांगून टाकली.



पुढच्या रांगेतली म्हातारी हळूच म्हणाली, "अवं मावशी, म्हणजे त्याले खरंच पोळलं होतं?"

"हो न वं. अन् आपण सगळ्या हसत बसलो."

तेव्हा जे हसू उठलं, तसं मी कधी ऐकलं नव्हतं. बाया डोळे पुसत होत्या, अन् मीही.