आतल्या खोलीचा कोट

सिंधू वानखडे चक्की पुसत असली की तिच्याशी कोणी बोलत नसे. बोललं तरी तिला ऐकू जात नसे. आधी ब्रश, मग व्हॅक्यूम, मग स्पिरिटचा बोळा, आणि शेवटी पात्यामागची खाच. या खाचेत कण राहिला आणि पुढच्या दळणात गेला, तर साध्या सोयाबीनवर जीएमचा ठपका बसतो आणि चांगला माल परत फिरतो. गोविंदपुऱ्यातल्या त्या खाजगी लॅबमध्ये धान्यात, पेंडीत, पिठात जनुकं बदललेलं, म्हणजे जीएम, बियाणं मिसळलंय का, ते तपासत. तपासणी आत, काचेच्या खोलीत. दळण बाहेर.

बाहेर दोघी होत्या. सिंधू आणि विमल शितोळे. दोघी पिपलानीच्या, एकाच गल्लीतल्या. एकाच बसने यायच्या. उतरताना विमल आधी उतरायची आणि सिंधूची पिशवीही हातात घ्यायची. विमल ग्वाल्हेरकडची, हसरी, चटपटीत. पण चक्की पुसायची ती मांजरीने तोंड पुसावं तशी. सिंधू तिच्यामागून पुन्हा पुसून घ्यायची. बोलायची नाही, पण विसरायचीही नाही.

मग आत मदतनीस हवी झाली. लॅबचे प्रमुख शैलेंद्रसर दोघींसमोर म्हणाले, "विमलताईंचा हात हलका आहे. आत थेंबाथेंबाचं काम असतं."

"बरं झालं गं," सिंधू म्हणाली.

विमलला पांढरा कोट मिळाला. खिशावर निळ्या दोऱ्याने तिचं नाव भरलेलं. चक्कीवरच्या माणसाने आत पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता, कारण कपड्यांवरून धूळ जाते. म्हणून सिंधू दळलेली डबी भिंतीतल्या लहान खिडकीतून सरकवायची आणि पलीकडून विमलचा हात ती उचलायचा. पांढरी बाही, स्वच्छ नखं. सिंधूला रोज जवळून तेवढंच दिसायचं, आणि तेवढं पुरायचं.

"आत इतकी ठंड असते ना," विमल बसमध्ये म्हणाली, "की स्वेटर घालावं लागतं."

"घाल की. दोन घाल."

"रुसलीस का गं?"

"मला काय धाड भरली रुसायला?"

एके दिवशी परदेशातून आलेली सोयाबीनची पेंड तपासायला आली. त्यात जीएम असणारच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सिंधूने ती दळली, चक्की लख्ख पुसली, एप्रन काढला. सगळे जेवायला गेलेले. आतल्या खोलीच्या अलीकडे कपडे बदलायची जागा होती. दार उघडं राहिलं होतं. खुंटीवर विमलचा कोट.

सिंधूने तो घातला. आरशात पाहिलं. खांद्यात तो तिला विमलपेक्षा नीट बसत होता. हेच वाईट झालं. नीट बसला नसता तर लगेच काढला असता. तिने बटणं लावली, बाह्या ओढल्या, खिशावरच्या नावावर तळहात ठेवला. खाचेतला कण न सोडणाऱ्या बाईला आपल्या पदरावरची धूळ त्या वेळी आठवली नाही.

दुपारी आत गडबड उडाली. तपासणीच्या प्रत्येक फेरीत एका नळीत नुसतं पाणी ठेवतात. तिच्यात काही दिसता कामा नये. दिसलं, तर खोलीतच धूळ शिरली असं समजायचं आणि सगळं पहिल्यापासून करायचं.

"पाण्यात जीएम!" शैलेंद्रसर ओरडले. "पाण्यात काय कोणी बी पेरलंय?"

टेबल पुसून तपासलं, मशीन पुसून तपासलं. शेवटी सापडलं ते कोटाच्या बाहीवर.

"सर, मी चक्कीकडे फिरकलेसुद्धा नाही," विमल म्हणाली.

"मग कोट स्वतः फिरून आला का?"

विमल दाराशी उभ्या सिंधूकडे वळली. "तू सांग ना गं. तुझं तर सगळीकडे लक्ष असतं. गेले का मी तिकडे?"

"मी माझ्या कामात असते," सिंधू म्हणाली.

विमल चक्कीवर परत आली. सिंधू आत गेली. तिच्या नावाचा कोट आला. खोली खरंच थंड होती. थेंब टाकायचे, नळ्या लावायच्या, थांबायचं. तिने चूक केली नाही. पण काचेतून तिला चक्की दिसायची, आणि चक्कीवर विमलचा हात.

आधी बरं वाटलं. आता कळेल हिला. पण विमल धसका घेऊन कामाला लागली होती. ब्रश, व्हॅक्यूम, स्पिरिट, खाच. एकही पायरी गाळत नव्हती. सिंधूचीच रीत, जशीच्या तशी. एक दिवस शैलेंद्रसर तिथे थांबले, वाकून पाहिलं.

"वा विमलताई! इतकी स्वच्छ चक्की आजवर या लॅबमध्ये पाहिली नाही."

आजवर. सिंधूने काचेआडून ते ऐकलं. इतकी वर्षं ती खाच कोणी पुसली? तेव्हा कोणी वाकून पाहिलं? हातातलं खाली ठेवून ती कोटासकट तरातरा दळणाच्या खोलीत आली.

"कोट घालून इथे?" सर दचकले.

"त्या दिवशी विमलचा कोट मी घातला होता. पेंड दळून आले होते. आरशासमोर उभी राहिले होते." तिने विमलच्या हातातला ब्रश काढून घेतला. "आणि ही चक्की मी पुसते. हिने माझं बघून घेतलंय."

सर म्हणाले, "आता बाहेरच राहा. कोट काढून ठेवा."

विमल आत गेली. कोटाच्या कपाटाला कुलूप लागलं, किल्ली विमलकडे.

संध्याकाळी बसमध्ये विमल पुढे बसली. मग उठून शेजारी आली.

"मागितला असतास तर मीच दिला असता गं, घालून बघायला."

"तू दिला असतास. म्हणूनच नाही मागितला."

विमलने विचारलं, "कसा बसला?"

"तुझ्यापेक्षा बरा."

पिपलानीचा स्टॉप आला. विमल उतरली. सिंधूने सवयीने पिशवी पुढे केली. खाली हात नव्हता. विमल आपली पिशवी घेऊन गल्लीकडे वळली होती.