शब्द गेले, चाल उरली

देवावर रुसायचं माझं वय केव्हाच मागे पडलं होतं, तरी त्या वर्षी मी रुसले. हॉस्पिटलमधल्या माझ्या खाटेशेजारच्या कपाटावर यजमानांनी अंबाबाईची छोटी तसबीर आणून ठेवली होती. ती दिसू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जन्मभर जिला म्हटलं, 'आई, माझ्या तोंडून तूच बोलतेस', तिनंच माझ्या तोंडचं बोलणं काढून घ्यावं, हे काही केल्या माझ्या मनाला पटत नव्हतं. पुढं जे घडलं त्याचा अर्थ मला पुरता लागला आहे असं आजही म्हणवत नाही. जसं घडलं तसं सांगते.

आमचं घराणं बंगळूरचं. तीनशे वर्षांमागं फौजेबरोबर दक्षिणेत आलेली आमची माणसं इथंच रुजली. घरात बोलतो मराठीच, पण त्या मराठीत कन्नड अशी मुरली आहे की कुठलं कुठलं हे आम्हालाही सांगता यायचं नाही. मोठ्या भावाला आम्ही अण्णा म्हणतो, पोरांना 'स्वल्प थांब' म्हणून दटावतो. नवरात्रात आमच्या समाजाच्या देवळात बायका देवीची पदं म्हणत, तेव्हा परकरातली मी आईच्या मांडीला टेकून ऐकायची, आणि घरी आले की त्याच चालीवर आपले शब्द बसवायची. आईला त्याचं कौतुक होतं. वडील म्हणायचे, "गाणी बांधून पोट भरत नाही, बाळ. नोकरी बघ." मी नोकरी बघितली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून लागले आणि डोक्यावर हेडफोन चढवून दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात माझी उमर गेली. लग्न झालं, मुलं झाली, ती शिकून आपापल्या वाटेनं गेली. गाणी मनात यायची आणि पोळ्या लाटता लाटता विरून जायची. पुढं जागोजागी एसटीडीचे बूथ निघाले, ट्रंक कॉलचं काम आटलं आणि मी मुदतीआधीच निवृत्त झाले. राजाजीनगरच्या घरात पहिल्यांदा दुपार माझी झाली. यजमानांना म्हटलं, "अहो, आता मी गाणी लिहिणार." ते वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "मग इतके दिवस काय करत होतीस? लिही की!"

लिहिणं सोपं गेलं. ते कुणापुढं ठेवणं अवघड होतं. कॅसेटी काढणाऱ्या एका दुकानदाराकडे आम्ही दोघं गेलो. माणूस भला होता, कॉफी पाजली, पण म्हणाला, "अम्मा, देवीची गाणी खपतात, खोटं कशाला सांगू? पण कन्नडमधली. इथं मराठी कोण घेणार?" मग इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला पुण्याहून एक जाणकार गृहस्थ आले होते, त्यांना मी भीत भीत गाणी म्हणून दाखवली. ते हसले नाहीत, पण म्हणाले, "भाव चांगला आहे हो. पण बाई, ही मराठी कुठली? आधी भाषा शुद्ध करून घ्या." घरी येऊन मी एकेक गाणं शुद्ध करायला बसले. घरातले शब्द काढले, पुस्तकातले घातले. गाणी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या बश्यांसारखी झाली, चकचकीत आणि कुणी न वापरलेली. ती मलाच गाववेनात. हळूहळू मी लिहायचं सोडलं. साठीकडं झुकलेल्या बाईनं हा नाद कशाला धरावा, असं स्वतःलाच समजावलं.

मग एका नवरात्रात देवळात बायकांनी आग्रह केला म्हणून एक जुनं, न सुधारलेलं पद मी म्हटलं. संपल्यावर एक तरुण मुलगी गर्दीतून वाट काढत आली. मेधा तिचं नाव. पुण्याची, नवऱ्याच्या कॉम्प्युटरच्या नोकरीपायी नुकतीच कोरमंगल्यात राहायला आलेली. गाणं शिकलेली होती, पण इथं तिचं गाणं ऐकणारं कुणी नव्हतं. "काकू, हे कुणाचं आहे?" तिनं विचारलं. माझंच म्हटल्यावर तिनं माझा हात धरला तो सोडेचना. "मला शिकवा ना. आणि ह्याची कॅसेट करूया. तुम्ही फक्त हो म्हणा." मी पुण्याच्या गृहस्थांचं मत तिच्या कानावर घातलं, तर म्हणाली, "काकू, मला सगळं कळलं. रडूसुद्धा आलं. अजून काय शुद्ध करायचं?"

मग घराला पालवी फुटल्यासारखं झालं. दर आठवड्याला मेधा दोन बस बदलून यायची, मी शिकवायची, यजमान दाराशी खुर्ची टाकून मान डोलवायचे. नऊ रात्रींची नऊ गाणी करायची ठरली. आठ झाली. स्टुडिओची तारीख ठरली, तबल्याला, पेटीला माणसं मिळाली. नववं तेवढं जुळत नव्हतं. मी देवीला म्हटलं, "एवढं एक दे, मग काही मागणार नाही."

आणि एका सकाळी कॉफी गाळत असताना माझा उजवा हात कुणी दुसऱ्याचा असावा तसा ओट्यावर पडला. दूध उतू चाललं होतं. 'गॅस बंद करा' असं मला ओरडायचं होतं. तोंडातून निघालं, "छत्री... छत्री." यजमान धावत आले. "काय झालं? काय म्हणतेस?" मी पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा छत्रीच आली. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती बघून मला कळलं की बिघडलंय ते माझ्यात.

मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. जीव वाचला, हाताला हळूहळू जाण येऊ लागली. पण बोलणं गेलं. लोक बोललेलं सगळं समजत होतं. मनात वाक्य उभं राहायचं, पण ओठांपर्यंत येता येता त्याचा भुगा व्हायचा. यजमानांचं नाव एरवीही मी घेत नसे, आता घ्यावंसं वाटलं तर तेही येईना. डॉक्टर सज्जन होते, म्हणाले, "येईल, पण केव्हा आणि किती, ते आज सांगता येत नाही." मेधा भेटायला आली, उसनं हसू आणून म्हणाली, "काकू, आपण थांबू. काही घाई नाही." मी डाव्या हातानं नको, नको अशी खूण केली. स्टुडिओ रद्द करा, सगळंच रद्द करा. ती रडत बाहेर गेली आणि मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

अशाच एका दुपारची गोष्ट. यजमान माझ्यासाठी कॉफी आणायला खाली गेले होते. वॉर्डात भेटीची वेळ होती, प्रत्येक खाटेभोवती आपापली माणसं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि पुसायचंही सुचत नव्हतं. तेवढ्यात एक बाई माझ्या खाटेशी थांबली. माझ्याहून थोडी मोठी असेल. सुती पातळ, केसांत कनकांबराचा, म्हणजे अबोलीचा गजरा, हातात जेवणाचा डबा. कुणाला तरी शोधत चुकून या वॉर्डात आली असावी. तिनं माझ्याकडं पाहिलं, डबा खाली ठेवला आणि सरळ खाटेवर टेकली.

"याक अळ्तीरा, अक्का?" का रडता, असं तिनं कन्नडमध्ये विचारलं.

मी तोंड उघडलं. नुसती घरघर आली. तिनं माझा डावा हात आपल्या मांडीवर घेतला आणि तान्ह्याला थोपटावं तसं त्याच्यावर हळूहळू थोपटत गुणगुणू लागली. शब्द नव्हतेच. 'जो जो, जो जो', एवढंच. पाळण्याची चाल, कन्नड आईची आणि मराठी आईची सारखीच असते ती. मी ऐकत राहिले. तिच्या थोपटण्याबरोबर माझा श्वास चालू लागला. केव्हा तरी माझे ओठ हलले. 'जो... जो.' ती थांबली नाही, फक्त थोपटणं जरा ठेक्यात आलं. त्या ठेक्यावर, मी ठरवलं नसताना, आठवायचा यत्नही केला नसताना, माझ्या तोंडून माझंच पद निघालं:

"दार उघडंच ठेवलंय, ये गं अंबाबाई,
तुझ्यावाचून या घराला घरपण नाही."

पूर्ण ओळी, स्वच्छ शब्द. एकही अक्षर अडखळलं नाही. माझाच आवाज मी दुसऱ्या कुणाचा असावा तसा ऐकला. त्या बाईला मराठी कळत होती की नाही कोण जाणे, पण तिचा चेहरा उजळला. "नोडी, बंतु!" ती म्हणाली. बघा, आलं! "हाडी अक्का, हाडी." गा, गा. मी गायले. भीती वाटत होती की थांबले तर पुन्हा जाईल, म्हणून तेच दोन चरण पुन्हा पुन्हा गात राहिले. तिनं माझे डोळे आपल्या पदरानं पुसले, डबा उचलला आणि गेली. दारात यजमान फ्लास्क घेऊन उभे होते. किती वेळ उभे होते त्यांनाच ठाऊक. जवळ आले, बसले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यादेखत रडले.

नंतर तिला शोधायला ते वॉर्डावॉर्डातून फिरले. कनकांबराचा गजरा माळलेल्या बाया बंगळुरात काय कमी आहेत? ती सापडली नाही. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते खूष झाले. म्हणाले, बोलण्याची जागा मेंदूत एकीकडे आणि गाण्याची बरीचशी दुसरीकडे असते. बोलणं गेलेली माणसं कधी कधी गाऊ शकतात. त्यांचं खरंच असणार. ती बाईही कुणाची तरी बहीण, कुणाची तरी सासू असणार, आपल्या माणसाला जेवण घेऊन आलेली. मी याहून वेगळं काही सिद्ध करायला बसलेली नाही. पण त्या दुपारी वाट चुकून ती माझ्याच खाटेशी आली, आणि उत्तराची वाट न बघता गायली. त्या रात्री मी यजमानांना खूण करून तसबीर माझ्या उशीजवळ ठेवायला लावली.

घरी आल्यावर आमचा संसार गाण्यावर चालू लागला. बोलायला गेले की अडायचं, चालीत घातलं की यायचं. मग मी आरतीच्या चालीवर पाणी मागायची, पाळण्याच्या चालीवर भाजीत मीठ कमी असल्याचं कळवायची. यजमान जन्मात कधी सुरात गायले नव्हते, पण तेही त्याच चालीत उत्तर द्यायचे, "आणतो गं आणतो, जरा दम धर गं." शेजारच्या सरोजक्का एकदा डोकावून म्हणाल्या, "तुमच्याकडं रोज भजन असतं वाटतं?" आम्ही इतके हसलो की मला ठसका लागला. त्या हसण्यानं माझ्या छातीवरचं ओझं अर्धं उतरलं. पुढं गाण्याचा सूर हळूहळू सैल करत मी बोलायला शिकले. आजही घाईत एखादा शब्द पळून जातो. जाऊ दे म्हणते. परत येतो.

आणि नववं गाणं त्याच दिवसांत आलं. शब्द निवडायची माझी ताकदच उरली नव्हती. अमुक शुद्ध, तमुक बरोबर, हा विचार करायला गेलं की सगळंच पुसलं जायचं. सकाळी डोळे मिटून बसायची, चाल धरायची, आणि जे येईल ते येऊ द्यायची. यजमान शेजारी बसून लिहून घ्यायचे. एकदा त्यांनी लेखणी थांबवली. "अगं, हे 'सरी' आलंय. ठेवू?" आमच्या घरात 'बरं' म्हणायला हाच कन्नड शब्द. मी मान डोलावली. गाण्यात देवी दाराशी येते, भक्त म्हणते आता नैवेद्य नाही, दिवा नाही, मी तेवढी आहे, आणि आई म्हणते, 'सरी, तेवढंच पुरे.' बंगळूरच्या माझ्या घरात देवी आली तर ती 'सरी'च म्हणेल, दुसरं काय म्हणणार?

पुढच्या नवरात्राआधी कॅसेट झाली. मेधा सुंदर गायली. मी काचेपलीकडे बसले होते, आणि तिच्या तोंडून माझे शब्द निघताना मला एकदाही वाटलं नाही की हे माझं आहे. देणारी वेगळीच होती. कॅसेट काही फार गाजली नाही. समाजाच्या देवळात वाजली, काही घरांत वाजली. मग एका कन्नड भजनी मंडळानं आपल्यासाठी पदं करून मागितली, ती केली. हुबळीहून, बेळगावहून मागणी आली, तीही केली. ज्या वयात लोक जपमाळ हाती घेतात त्या वयात मी गीतकार झाले. तरुणपणी झाले असते तर कदाचित नाव झालं असतं. पण एक खरं, की इतकं हलकं वाटलं नसतं.

आता मी देवीला अडवून काही मागत नाही. सकाळी अंघोळ झाली की तिच्यासमोर बसते. कधी एखादी ओळ येते, मग दिवसभर ती घोळवत घरात वावरते. कधी काहीच येत नाही. पूर्वी अशा वेळी जीव कासावीस व्हायचा. आता तिला हात जोडते, म्हणते, 'आज तुझी मर्जी नाही, बरं', आणि उठून भाजी निवडायला बसते. ते कामही तिचंच आहे, असं वाटतं. मन शांत असतं.