पिठ्या ढेकणांचा पाटील

देवीदासची नर्सरी अमरावतीत, तिवशाच्या रस्त्याला. पण लोक तिथे झाडं घ्यायला कमी अन् किडे दाखवायलाच जास्त यायचे. कॅरीबॅगमध्ये पान घेऊन कोणी आलं की तो ते पांढऱ्या कागदावर झटकायचा, भिंग लावायचा अन् न्यायाधीशासारखा निकाल द्यायचा. हा मावा, हे फुलकिडे. माणूस हट्टी, अन् स्वतःवर भारी खूश.

जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणांबद्दल तर तो कुणाचं ऐकतच नसे. कापसासारख्या पांढऱ्या, ढिम्म बसलेल्या त्या किड्यांत एखादा मोठा, झिपऱ्या, लगबगीनं फिरणारा दिसायचा. "हा या ढेकणायचा पाटील," देवीदास सांगायचा. "याले आधी चिरडा. पाटील मेला का गाव उठते." पंचवीस वर्षं त्यानं हेच सांगितलं अन् हेच केलं.

यंदा पिठ्या पडला तो थेट त्याच्या जुन्या जास्वंदींवर. याच झाडांच्या फांद्या लावून त्यानं सगळी जास्वंद वाढवली होती. पाटीलही भरपूर होते. बायको सुभद्राला सोबत घेऊन तीन दिवसांत त्यानं एकूण एक पाटील टिपून मारला. पंधरवड्यात शेंडे आकसले, कळ्या पिवळ्या पडून झडल्या.

त्याची भाची रागिणी अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकते. ती आली तेव्हा एका फांदीवर नजरेतून सुटलेला एकच पाटील उरला होता. तिनं भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"मामा, हा ढेकूण नाई. ढालकिड्याची, म्हंजे लेडीबर्डची अळी आहे. ढेकणाचं सोंग घेते अन् ढेकणंच खाते. तुमी त्यायले खाणारेच मारून राहिले."

"पागल झाली का तू?"

तिनं भिंग त्याच्या हातात दिलं. अळीच्या तोंडात ढेकूण होता, अन् त्याचे पाय अजून हलत होते.

"एवढ्या झाडायले ही एक पुरंल का?"

"नाई पुरणार, मामा."

चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही पंचवीस वर्षं, आपल्याच अंगठ्यानं! देवीदासला स्वतःची शिसारी आली. आठवड्यानं त्यानं ती झाडं बुडापासून कापून जाळली.

त्यानंतर जुन्या गिऱ्हाईक पार्बताबाई एक डबी घेऊन आल्या. "पाहा भाऊ, किती पाटील धरले! आमच्या आख्ख्या कॉलनीले शिकोलं मी."

देवीदासनं त्यांना सगळं सांगितलं. हात जोडून सांगितलं, माझं चुकलं, हे सोडून द्या.

पार्बताबाई हसल्या. "कायले गंमत करता भाऊ," म्हणाल्या, अन् डबीतून निसटून चाललेली अळी त्यांनी टेबलावरच चिरडली.