बेंबळीच्या मोटारीची किंगपिन

गंजलेल्या पिना काढण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, अशी दोन माणसं चहाला बसली की कप रिकामे होतात, पण किस्से संपत नाहीत. पिन जितकी हट्टी, तितका किस्सा लांब! आमच्या उस्मानाबादच्या गॅरेजातले निम्मे किस्से तर एकट्या बेंबळीच्या मोटारीचे आहेत.

निजामाचा अंमल होता, तिकडे विलायतेत मोठी लढाई चालू होती. बेंबळीच्या आप्पासाहेबांची जुनी उघडी मोटार कित्येक वर्षं गोठ्यात पडून होती. आमचे मालक रशीदचाचा तरुणपणी तिच्यावरच ड्रायव्हर होते. आप्पासाहेबांनी सांगून टाकलं, "दसऱ्याला चालली तर पूजा, न्हाय तर भंगारात."

चाचांचा चेहराच उतरला. म्हणाले, "आप्पासाहेब, जित्या गाडीला भंगार म्हणू नका!"

*

मोटार बैलांनी ओढत आमच्या गॅरेजात आणली. पुढची चाकं ज्या किंगपिनांवर वळतात, त्या गंजून घट्ट बसलेल्या. स्टिअरिंग हलेना, गाडी आपली नाकासमोर सरळ! प्रत्येक वळणावर आम्ही सगळ्यांनी ती पुढून उचलायची आणि वळवून ठेवायची.

बाजारात एक म्हातारा हात जोडून उभा राहिला. "कोणत्या देवाची पालखी म्हणायची ही?"

चाचा म्हणाले, "नवसाला पावली की नाव सांगतो!"

*

पिनांना रोज घासलेट पाजायचं, आणि घासलेट तर रेशनवर! चाचा घरचीच बाटली उचलून आणायला लागले. एके दिवशी चाची गॅरेजात येऊन उभ्या. "घरात अंधार, आन् हितं लोखंडाला आंघोळी!"

चाचांनी बाटली परत दिली. रिकामी होती.

*

आमचा गणपत लोहार. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवावी तर त्यानंच. कमानीची, म्हणजे चाकावरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगची, पिन निघेना, म्हणून त्यानं भाता मारून पिनच लालभडक केली. ती फुगून आणखी घट्ट!

चाचांनी कपाळाला हात लावला. "अरे, बिळात अडकलेल्याला उपाशी ठेवायचं. तू जेवू घातलंस!"

दुसऱ्या दिवशी पिनेवर ओलं फडकं ठेवून बाहेरची कडी तापवली आणि एकच घाव घातला. पिन सुटली ती थेट शेजारच्या हॉटेलात, चहाच्या पातेल्यात! हॉटेलवाला चिमट्यात पिन धरून बाहेर आला. "चाचा, साखर टाकायची व्हती!"

आम्ही तोच चहा प्यालो. तसला चहा मला पुन्हा कुठं मिळाला नाही.

*

हळूहळू कमानींच्या सगळ्या पिना निघाल्या, नव्या बसल्या. उजवी किंगपिनही निघाली. डावी मात्र जागची हलेना. तापवली, ठोकली, भिजवली. गणपतच्या घणाचा दांडा मोडला. दसरा तोंडावर आला आणि आप्पासाहेब स्वतः आले. "बास झालं, रशीद. घेऊन जातो."

चाचांनी हातातली हातोडी खाली ठेवली. मला त्यांच्याकडे बघवेना.

पुन्हा बैल जुंपले. आप्पासाहेब स्टिअरिंगवर, चाचा मागून चालत. वळण आलं की आम्ही उचलायचं. रस्ता म्हणजे नुसते खड्डे, मोटार जागोजाग आदळत होती. बेंबळीच्या अलीकडच्या वळणावर बैल वळले, आम्ही उचलायला धावलो, तर आमचा हात लागायच्या आधीच मोटार वळली!

आप्पासाहेबांनी बैल थांबवले. स्टिअरिंग डावीकडं फिरवलं, उजवीकडं फिरवलं. चाकं मुकाट्यानं वळत होती.

"रशीद!" ते ओरडले. "आरं, ही ऐकतीया!"

चाचा पळत आले. खाली वाकले, खड्ड्यांच्या दणक्यांनी सुटलेल्या डाव्या पिनेला हात लावला आणि भर रस्त्यात डोळे पुसत उभे राहिले. इतका आनंद झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आता गॅरेजात नेऊन नवी पिन बसवायचीच बाकी होती; गणपतनं न विचारताच बैलांची तोंडं उस्मानाबादकडं फिरवली. आप्पासाहेब स्टिअरिंगवरून उठले आणि मागच्या सीटवर ऐटीत जाऊन बसले.

"रशीद, गाडी काढ!"