चाचांची हाजिरी

अजान झाली की ते लोखंडी पट्टी काउंटरवर आडवी ठेवायचे आणि समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणायचे, "थांबा पावणं, हाजिरी लावून येतो." दार उघडंच असायचं, पण पट्टी आडवी म्हणजे दुकान बंद. तुमच्याही कॉलेजजवळ असा एखादा बाइंडिंगवाला असेल. आमचे हे चाचा.

मी गडमुडशिंगीहून यायची. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. प्रोजेक्ट बांधून द्यायचा असतो, हेही मला चाचांकडूनच कळलं.

दुकानामागच्या खोलीत चाची असायच्या. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला तो वाचा घेऊनच गेला. चाचांचं मागणं एकच होतं, तिनं एकदा तरी बोलावं. शिवी दिली तरी चालेल, असं ते हसत सांगायचे. नमाजाहून आले की आधी आत जायचे, तिच्या तोंडाशी कान न्यायचे. मग गुपचूप बाहेर येऊन पुठ्ठे चिकटवायची खळ ढवळायला लागायचे.

शेजारचा चहावाला टोमणा मारायचा, "चाचा, वरचा साहेब रजेवर गेलाय वाटतं."

"असू दे की. हाजिरी माझी हाय, त्येची न्हवं."

चाचींसाठी मीही गावच्या देवीला नवस बोलले होते. चाचांना सांगितलं नाही. लाज वाटली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रोजेक्ट घेऊन गेले, तर खोली रिकामी. आठ दिवसांपूर्वी चाची गेल्या होत्या, एक शब्दही न बोलता. मला देवाचा फार राग आला. चाचा खाली मान घालून माझा प्रोजेक्ट शिवत होते. शिवून झाला आणि अजान झाली. ते उठले.

"आता कशाला जाता, चाचा? ऐकलं नाही ना त्यानं," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

ते रागावले नाहीत. टोपी डोक्यावर चढवत म्हणाले,

"दोन वर्सं रोज भांडलोय त्येच्याशी, पोरी. तिचं सगळं त्येलाच ठावं हाय. आता त्येच्याशीबी बोलणं तोडलं, तर तिच्याबद्दल बोलू कुणाशी?"

महिन्याभरानं ते वारणानगरला मुलीकडं राहायला गेले. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

त्या दिवशी शिवलेल्या माझ्या प्रोजेक्टची मधली दहा पानं उलटी लागली होती. सरांनी वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, हे बांधलंय कुणी?

मी म्हणाले, "पानं मीच तशी लावून दिली होती, सर."